फिर्मिनी आणि चंदीगड यांच्यामधला दुवा: एजेन क्लोदियूस-पेती

जुलै २०१६ मध्ये इस्तंबूलला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक भरली होती. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराच्या सात देशांतल्या १७ कामांना तिथे एकत्रितपणे जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे बातमी गाजली ती साहजिकच चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाची. पण त्याच यादीत फ्रान्समधल्या फिर्मिनी या गावातलं एक सांस्कृतिक केंद्रही होतं. फिर्मिनी म्हणजे सेंत-एतिएन शहराजवळचं, कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्यांवर जगलेलं कामगारांचं गाव. पॅरिसच्या लोकांना नकाशावर शोधावं लागेल इतकं आडबाजूचं. त्या गावात आणि शिवालिकच्या पायथ्याशी वसवलेल्या पंजाबच्या नव्या राजधानीत एकाच माणसाच्या हातची कामं कशी उभी राहिली, हे शोधायला गेलं की दोन्हीकडे एक नाव भेटतं. एजेन क्लोदियूस-पेती. सुतारकाम करून वाढलेला, जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये भूमिगत राहून लढलेला आणि पुढे सव्वाचार वर्षं फ्रान्सचा पुनर्बांधणीमंत्री असलेला माणूस.

त्यांचं जन्मनाव एजेन पेती. २२ मे १९०७ रोजी पश्चिम फ्रान्समधल्या आँजे शहरात त्यांचा जन्म झाला. शाळा लवकर सुटली आणि ते लाकडाच्या कामाला लागले. दारं-खिडक्या ठोकणारा सुतार वेगळा आणि कपाटं, मेजं, खुर्च्या घडवणारा वेगळा. फ्रेंचमध्ये या दुसऱ्या कारागिराला स्वतंत्र नाव आहे आणि त्याचा मानही वेगळा आहे. पेती त्या दुसऱ्या जातीचे कारागीर होते. कामगार संघटनेत ते तरुणपणीच गेले. चित्रकला शिकले आणि तिसाव्या वर्षाच्या आसपास लियाँ शहरात चित्रकलेचे शिक्षक झाले. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते, राजकारणानं डावीकडे झुकलेले. याच काळात त्यांनी ल कॉर्बुझिएची पुस्तकं वाचली. घरात ऊन यावं, वारा खेळावा, इमारतींच्या मध्ये झाडं असावीत, आणि हे कामगारालाही मिळावं, हा विचार त्यांच्या मनात पक्का बसला तो तेव्हा. तोवर त्या लेखकाला त्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. मार्शल पेताँनी जर्मनीशी तह केला. देशाचा उत्तर भाग आणि अटलांटिकचा किनारा जर्मन फौजांकडे गेला, दक्षिणेत व्हिशी या गावातून पेताँचं सरकार चालू लागलं. लियाँ दक्षिण भागात होतं. नोव्हेंबर १९४२ पर्यंत तिथे जर्मन सैनिक नव्हते, पण व्हिशीचे पोलीस होते आणि तेही कमी नव्हते. शहराच्या जुन्या भागात घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणाऱ्या बोळी आहेत. रेशमाच्या विणकरांच्या काळापासूनच्या. पाठलाग चुकवायला त्या फार कामाला आल्या.

१९४० च्या अखेरीस इथल्या काही मित्रांनी एक छोटा गट बांधला. पुढे झाँ-पिएर लेव्ही त्याचे नेते झाले आणि गटाला नाव मिळालं फ्राँ-तिरर. सैन्यात नसताना स्वतःच्या हिमतीवर बंदूक उचलणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. या लोकांनी सुरुवातीला उचलली ती मात्र छपाईची शाई. डिसेंबर १९४१ मध्ये त्याच नावाच्या भूमिगत वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. नावाखाली एक ओळ छापलेली असायची: शक्य होईल तसं मासिक, मार्शलसाहेबांच्या पोलिसांच्या कृपेने. पकडलं गेलं तर छळ आणि छावणी ठरलेली, आणि तरी ही ओळ दर अंकाला कोणीतरी जुळवत होतं, शाई लावत होतं, कागद दाबत होतं. फ्राँ-तिररचा पिंडच तसा होता. त्यात बडे अधिकारी किंवा लष्करी घराण्यातले लोक फारसे नव्हते. शिक्षक, दुकानदार, नोकरदार, कामगार अशी साधी माणसं होती. मध्ययुगाचे जगप्रसिद्ध इतिहासकार मार्क ब्लोक पन्नाशी उलटल्यावर याच चळवळीत आले आणि पोऱ्यासारखे निरोप पोहोचवू लागले. १६ जून १९४४ ला जर्मनांनी त्यांना लियाँजवळ गोळ्या घालून मारलं.

चित्रकलेचे शिक्षक एजेन पेती या चळवळीच्या नेतृत्वमंडळात पोहोचले. भूमिगत नाव घेतलं क्लोदियूस. लियाँकडच्या भागात हे नाव सर्रास ठेवत, त्यामुळे कोणाच्या कानाला खटकत नसे. युद्ध संपल्यावर अनेकांनी आपली टोपणनावं सोडली. पेतींनी सोडलं नाही. क्लोदियूस त्यांनी कायमचं आपल्या आडनावाला जोडून घेतलं. मंत्री झाल्यावरही सही क्लोदियूस-पेती अशीच.

जानेवारी १९४३ मध्ये दक्षिणेतल्या तीन मोठ्या चळवळी एकत्र आल्या: काँबा, लिबेरासियाँ आणि फ्राँ-तिरर. यामागे लंडनमधून फ्रान्सचा लढा चालवणारे सेनानी द गॉल यांनी पाठवलेले झाँ मूलाँ होते. एकमेकांवर विश्वास नसलेले कम्युनिस्ट, समाजवादी, ख्रिस्ती, उजवे, कामगार संघटनावाले अशा सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवणं हे त्यांचं काम. २७ मे १९४३ रोजी पॅरिसच्या सहाव्या वॉर्डात, रू द्यू फूर या रस्त्यावरच्या ४८ नंबरच्या इमारतीत, एका घरात ते टेबल अखेर मांडलं गेलं. आठ चळवळी, सहा पक्ष आणि दोन कामगार महासंघ मिळून १६ प्रतिनिधी, मूलाँ आणि त्यांचे दोन सहकारी. शहर जर्मनांच्या ताब्यात, आणि त्याच्या ऐन मध्यात इतके हवे असलेले लोक एका दिवाणखान्यात. एक जरी माणूस फुटला असता तर सगळेच संपले असते. त्या खोलीत फ्राँ-तिररच्या वतीने बसले होते क्लोदियूस. वय वर्षं ३६.

या बैठकीने राष्ट्रीय प्रतिकार परिषद स्थापन झाली आणि द गॉल हेच लढणाऱ्या फ्रान्सचे नेते, असा ठराव झाला. अमेरिका तेव्हा द गॉलना बाजूला सारू पाहत होती, म्हणून या ठरावाचं वजन फार मोठं. महिनाही झाला नाही तोच २१ जूनला लियाँजवळच्या काल्युईरमध्ये मूलाँ पकडले गेले. गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, क्लाउस बार्बीने त्यांचे हाल हाल केले. त्यांनी कोणाचंही नाव सांगितलं नाही, आणि ८ जुलैच्या सुमारास ते गेले. रू द्यू फूरला जमलेले लोक त्यानंतर जगले याला मूलाँचं हे मौन कारण आहे. आज फ्रान्समध्ये २७ मे हा प्रतिकाराचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात.

१९४३ च्या शरदात क्लोदियूस-पेती अल्जियर्सला पोहोचले. द गॉल यांनी तिथे हंगामी सल्लागार सभा भरवली होती आणि देशातल्या प्रतिकाराचे प्रतिनिधी तिचे सदस्य होते. इकडे मार्च १९४४ मध्ये राष्ट्रीय परिषदेने आपला कार्यक्रम ठरवला: सामाजिक सुरक्षा, कामगारांचे हक्क, बँका आणि वीज राष्ट्राच्या मालकीची. जर्मन अजून देशात होते, आणि ही माणसं उद्याच्या देशाचा आराखडा लिहीत होती. क्लोदियूस-पेतींना पुढे मुक्ततेचा सन्मान मिळाला. द गॉल यांनी सुरू केलेला हा सन्मान जेमतेम १०३८ व्यक्तींना दिला गेला आहे. पण माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला खरा प्रश्न मुक्ततेनंतरच सुरू होतो. देश सुटला, आता लोकांनी राहायचं कुठे?

हा प्रश्न किती मोठा होता ते ल हाव्र या बंदराकडे पाहिलं की कळतं. ५ आणि ६ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिश विमानांनी, म्हणजे दोस्तांनीच, या शहराचा मध्यभाग जमीनदोस्त केला. सुमारे २००० नागरिक मेले, ८०,००० बेघर झाले. ब्रेस्त, काँ, रॉयाँ, सें-लो अशी कितीतरी शहरं ढिगाऱ्यात होती. देशभरातल्या दर पाच घरांपैकी जवळपास एक पडलं तरी होतं किंवा मोडलं तरी होतं. उरलेली घरं बॉम्बपासून वाचली होती, तरी ती चांगली होती असं नाही. युद्ध संपून नऊ वर्षं झाल्यावर, १९५४ च्या जनगणनेतही चारांपैकी जेमतेम एका घरात आत संडास होता आणि दहांतल्या एका घरात न्हाणीघर. पॅरिसमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं भाड्याच्या लॉजमधल्या एकेका खोलीत दिवस काढत होती.

आणि पैसा दुसरीकडे चालला होता. देशाच्या पुन्हा उभारणीसाठी झाँ मोने यांनी आखलेल्या योजनेत कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट, शेतीची यंत्रं आणि वाहतूक यांना पहिला मान होता. घरांना नव्हता. आधी कारखाने उभे राहू देत, घरं मागून होतील, हा हिशोब. हिशोब म्हणून तो चुकीचा नव्हता, पण ज्याचं लेकरू ओलीच्या खोलीत खोकत होतं त्याला तो कसा पटावा?

याच काळात, डिसेंबर १९४५ मध्ये, व्हर्नन एस. हूड नावाच्या मालवाहू जहाजातून फ्रेंच वास्तुकार आणि नियोजनकारांचं एक पथक अमेरिकेला निघालं. त्यात क्लोदियूस-पेती होते आणि ल कॉर्बुझिएही. ज्याची पुस्तकं वाचून आपलं घराविषयीचं मत बनलं त्या माणसाबरोबर अटलांटिकवर दोन-अडीच आठवडे. समुद्र खवळलेला होता. ल कॉर्बुझिए त्या प्रवासात आपल्या मॉड्युलर या मापनपद्धतीवर काम करत होता. हात वर केलेल्या माणसाच्या उंचीवरून सगळी मापं काढायची आणि घर माणसाच्या अंगाबेताचं करायचं, ही ती कल्पना. लाकूड मापून मापून हात बसलेल्या कारागिराला ती किती जवळची वाटली असेल! खुर्ची घडवणारा पहिल्यांदा बसणाऱ्याच्या गुडघ्याची उंचीच पाहतो. अमेरिकेत त्यांनी टेनेसी खोऱ्याचा प्रकल्प पाहिला. आपल्या दामोदर खोऱ्याच्या योजनेला ज्याचा नमुना घेतला तोच हा. एक नदी धरून अख्ख्या प्रदेशाचा विचार करता येतो, ही गोष्ट क्लोदियूस-पेती तिथून घेऊन आले.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा ल कॉर्बुझिए युद्धात भूमिगत नव्हता. १९४१ च्या सुरुवातीपासून जवळजवळ दीड वर्षं तो व्हिशीत मुक्काम ठोकून होता आणि पेताँच्या सरकारकडून काम मिळवायच्या खटपटीत होता. काम मिळालं नाही, तो परत आला. ज्या सरकारच्या पोलिसांच्या कृपेने फ्राँ-तिरर निघत होतं, त्याच सरकारच्या दारात हा बसलेला. त्याचा चुलतभाऊ आणि जुना भागीदार पिएर जानरे मात्र ग्रनोबलला होता आणि प्रतिकार चळवळीत सामील झाला होता. दोघांची वाट तिथेच फुटली. क्लोदियूस-पेतींसारख्या माणसाने यातून ल कॉर्बुझिएची बाजू आयुष्यभर का घ्यावी, हा प्रश्न मला फार छळतो. मला दिसतं ते एवढंच, की मोडक्या देशात घर बांधू शकणारा हात त्यांना हवा होता, आणि त्या हाताकडे पाहताना त्यांनी मागचं मनात धरलं नाही. हे सगळ्यांना पटेल असं नाही. मलाही ते पूर्ण पटतं असं म्हणवत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये ते पुनर्बांधणी आणि नगररचना मंत्री झाले. चौथ्या प्रजासत्ताकात, म्हणजे युद्धानंतरच्या त्या राजवटीत, सरकारं काही महिन्यांत पडत. पंतप्रधान बदलत राहिले, केय, बिदो, प्लेव्हाँ, फोर, पिने, आणि या खात्यावर जानेवारी १९५३ पर्यंत क्लोदियूस-पेतीच राहिले. तो काळ पाहता हे नवलच. त्यांनी एक आकडा धरला आणि जाईल तिथे तोच बोलत राहिले: महिन्याला २०,००० घरं. त्यांच्या कारकिर्दीत तो गाठला गेला नाही, जवळपासही नाही. वर्षाला २,४०,००० घरांचा पल्ला १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला, तेव्हा ते त्या खुर्चीवर नव्हते. पण ज्या देशात घर हा विषय मोनेंच्या यादीतही नव्हता, तिथे आकडा ठरवून मंत्रिमंडळाच्या गळी उतरवणं हेच मोठं काम होतं.

त्यांच्याच काळात, जुलै १९५० च्या कायद्याने, सरकारी मदतीने बांधलेल्या घरांचं नाव बदललं. तोवर त्यांना स्वस्त घरं म्हणत. आता नाव झालं माफक भाड्याची घरं. ज्यांनी चाळीत दिवस काढलेत त्यांना या दोन शब्दांतला फरक समजावून सांगायला नको. पहिल्या शब्दात घरच हलकं ठरतं, दुसऱ्यात फक्त भाडं. आजही फ्रान्समध्ये सार्वजनिक घरबांधणीचं हेच नाव आहे, आणि त्याची आद्याक्षरं तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतात.

१९५० मध्येच त्यांनी मंत्रिमंडळापुढे देशाच्या भूभागाच्या नियोजनाचा आराखडा ठेवला. सगळे कारखाने, सगळी माणसं पॅरिसकडे धावतात आणि बाकीचा देश ओस पडतो, हे थांबवायचं तर उद्योग, वस्ती, शेती आणि निसर्ग यांचा विचार एकत्र व्हायला हवा, असं त्याचं म्हणणं. खुद्द फ्रान्समध्ये या विषयाची सुरुवात या आराखड्यापासून धरतात. स्ट्रासबूर्गला ८०० घरांच्या वसाहतीसाठी त्यांनी वास्तुकार आणि बांधकाम कंपन्या यांची एकत्र स्पर्धा लावली, कारण सुंदर नकाशा आणि खर्चाचा आकडा एकाच पाकिटात यायला हवा होता. ल कॉर्बुझिए त्यात चौथा आला. मंत्र्याचा मित्र असूनही काम दुसऱ्याला गेलं. मला ही नोंद महत्त्वाची वाटते.

ल कॉर्बुझिएला त्यांनी खरा आधार दिला तो मार्सेयमध्ये. तिथली प्रचंड निवासी इमारत क्लोदियूस-पेतींच्या आधीच्या मंत्र्यांनी, राउल दोत्री यांनी, त्याच्याकडे सोपवली होती. खांबांवर उचललेली, ३३७ घरांची, मध्यावर दुकानांची गल्ली आणि गच्चीवर बालवाडी असलेली. खर्च वाढत गेला, टीका वाढत गेली. गावातले लोक तिला वेड्याचं घर म्हणू लागले. क्लोदियूस-पेतींनी काम थांबू दिलं नाही. १४ ऑक्टोबर १९५२ ला त्यांनीच तिचं उद्घाटन केलं आणि त्याच समारंभात ल कॉर्बुझिएला लीजन ऑफ ऑनरचा किताब दिला.

आता चंदीगडकडे येऊ. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी नव्या शहराचा आराखडा सुरू केला, पण ३१ ऑगस्ट १९५० ला इजिप्तमध्ये झालेल्या विमान अपघातात नोविकी गेले. मग पंजाब सरकारचे दोन अधिकारी, प्रशासक प्रेमनाथ थापर आणि मुख्य अभियंता परमेश्वरीलाल वर्मा, नवे वास्तुकार शोधायला युरोपात गेले. पॅरिसमध्ये पुनर्बांधणी खात्याचा मंत्री कोण, तर क्लोदियूस-पेती. त्यांनी ल कॉर्बुझिएचं नाव सुचवलं आणि जोडीला पिएर जानरेचंही. लंडनमधून मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे जोडपं आलं. डिसेंबर १९५० मध्ये करार झाला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए पंजाबात उतरला.

जानरेचं नाव पुढे करणं हे माझ्या नजरेत या सगळ्या गोष्टीतलं सर्वात शहाणपणाचं पाऊल. ल कॉर्बुझिए वर्षातून दोनदा यायचा आणि जायचा. जानरे १९६५ पर्यंत चंदीगडला राहिला. त्याने घरं, शाळा, विद्यापीठाच्या इमारती उभ्या केल्या, आणि सागवान व वेताच्या त्या साध्या खुर्च्याही, ज्यांचे मागचे-पुढचे पाय इंग्रजी व्ही अक्षर उलटं ठेवावं तसे जुळतात. सरकारी कचेऱ्यांतून मोडीत काढलेल्या या खुर्च्या आज परदेशी लिलावात लाखांनी जातात. त्या खुर्चीचा सांधा पाहिला की मला आँजेच्या त्या कारागिराची आठवण येते. बांधकामाच्या भाऊगर्दीत ज्याला लाकूड कळत होतं अशा मंत्र्याने सुचवलेला हा माणूस. युद्धाने तोडलेले दोन भाऊ हिंदुस्थानात पुन्हा एकत्र काम करू लागले, आणि त्या जोडणीत एका जुन्या भूमिगताचा हात होता. जानरे १९६७ मध्ये वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा सुखना तलावात सोडली.

मंत्रिपद गेलं त्याच वर्षी, १९५३ मध्ये, क्लोदियूस-पेती फिर्मिनीचे महापौर झाले. त्या भागातून ते खासदार होतेच. १९५४ मध्ये मेंदेस फ्रान्स यांच्या सरकारात काही काळ कामगार खातंही त्यांच्याकडे होतं, पण त्यांचा जीव फिर्मिनीत गुंतला. गावाला लोक काळं फिर्मिनी म्हणत. धुराने काळ्या भिंती, कुबट घरं. त्यांनी शेजारच्या टेकडीवर हजाराहून अधिक घरांची नवी वसाहत उभारली आणि तिला नाव दिलं हिरवं फिर्मिनी. १९६१ मध्ये तिला नगररचनेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि तिथेच, एका जुन्या दगडाच्या खाणीच्या खड्ड्यात आणि कडेवर, ल कॉर्बुझिएकडून सांस्कृतिक केंद्र, स्टेडियम, चर्च आणि मार्सेयसारखी एक निवासी इमारत बांधून घ्यायचं ठरवलं.

सांस्कृतिक केंद्र १९६५ मध्ये झालं. लांबलचक इमारत, एका बाजूची भिंत बाहेरच्या अंगाला तिरकी कललेली, जणू खड्ड्यात डोकावतेय. छप्पर पोलादी तारांवर तोललेलं, मध्ये खोलगट, वाळत घातलेल्या चादरीसारखं. आत खिडक्यांच्या पट्ट्या कमी-जास्त अंतरावर, त्यामुळे उन्हाच्या रेघा जमिनीवर तालात पडतात. त्याच ऑगस्टमध्ये ल कॉर्बुझिए भूमध्य समुद्रात पोहताना मरण पावला. बाकीची कामं त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे नेली. निवासी इमारत १९६७ ला पूर्ण झाली, पण खाणी बंद पडत चालल्या होत्या आणि गावाची माणसं कमी होत होती. १९७१ च्या निवडणुकीत फिर्मिनीने क्लोदियूस-पेतींना हरवलं आणि कम्युनिस्ट महापौर निवडला.

त्यांच्या आयुष्यातलं एक प्रकरण फ्रान्समध्येही थोडं दबक्या आवाजात सांगितलं जातं. १९५६ मध्ये, अल्जीरियाचं युद्ध पेटलेलं असताना, सरकारने अल्जीरियन मजुरांसाठी घरं बांधणारी एक राष्ट्रीय कंपनी काढली, सोनाकोत्राल. अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर ती सोनाकोत्रा झाली. क्लोदियूस-पेती सुरुवातीपासून १९७७ पर्यंत तिचे अध्यक्ष होते. हेतू त्यांचा खरा होता. पॅरिसजवळच्या नाँतेरच्या चिखलात पत्र्याच्या झोपड्यांत ही माणसं राहत होती. पण सरकारला या मजुरांवर नजरही ठेवायची होती, आणि ते त्या वसतिगृहांच्या भिंतींत उतरलं. खोल्या कोंदट, भेटायला येणाऱ्यांवर बंधनं, बायकांना मज्जाव, व्यवस्थापक म्हणून अनेकदा वसाहतींतून परतलेले माजी सैनिक. १९७५ मध्ये भाडेवाढीवरून संप सुरू झाला आणि तो १९८० पर्यंत चालला. हजारो मजुरांनी भाडं देणं थांबवलं. ज्यांनी आयुष्यभर कामगाराच्या घरासाठी झगडा केला त्यांच्याच दारात कामगार घरासाठी उभे राहिले. मागणी त्यांची रास्त होती: आम्ही भाडेकरू आहोत, आम्हाला भाडेकरूचे हक्क द्या. हे क्लोदियूस-पेतींना आधी दिसायला हवं होतं. ज्याने पोलिसांची नजर चुकवत दिवस काढले, त्याने आपल्या वसतिगृहाच्या दारावर पहारा बसू दिला, हे त्यांच्याविषयी आदर ठेवूनच म्हणावं लागतं.

नोव्हेंबर १९७४ मध्ये सिमोन व्हेल या आरोग्यमंत्र्यांनी गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारं विधेयक संसदेत आणलं. तीन दिवस चर्चा चालली, त्यात नाझींच्या आउश्वित्झ छावणीतून वाचलेल्या या बाईंना काय काय ऐकावं लागलं ते वाचवत नाही. ६७ वर्षांचे क्लोदियूस-पेती उठले. आपली श्रद्धा सभागृहाच्या दाराबाहेर ठेवून आपण आलेलो नाही, गर्भपाताकडे नेणाऱ्या प्रत्येक गोष्टीशी मी लढेन, पण कायद्याच्या बाजूने मत देईन, अशा आशयाचं ते बोलले. विधेयक २८४ विरुद्ध १८९ मतांनी मंजूर झालं.

फिर्मिनीचं चर्च मात्र अडकलं. काम १९७० च्या दशकात सुरू झालं आणि पैशाअभावी १९७८ मध्ये बंद पडलं. चौकोनी पाया, त्यावर निमुळता होत जाणारा सुळका येणार होता, पण वर आलंच नाही काही. काँक्रीटचा बुंधा उघड्यावर पावसात भिजत राहिला. क्लोदियूस-पेती त्यासाठी शेवटपर्यंत लोकांच्या मागे लागत होते. २४ ऑक्टोबर १९८९ ला ते गेले, तेव्हा बुंधा तसाच होता. पुढे तोडगा निघाला. फ्रान्समध्ये सरकारी पैशातून चर्च बांधता येत नाही, म्हणून खालच्या मजल्यांवर संग्रहालयाचं दालन करायचं आणि वर प्रार्थनेची जागा. ल कॉर्बुझिएचे शिष्य जोसे उब्रेरी यांनी काम पुरं केलं. नोव्हेंबर २००६ मध्ये चर्च उघडलं. वेदीमागच्या भिंतीला छोटी छोटी भोकं आहेत, मृग नक्षत्राच्या ताऱ्यांच्या मांडणीत. पूर्वेचं ऊन सकाळी त्यांतून आत येतं.